दहा मोजायच्या

सोनारानंच कान टोचावेत, म्हणतात.
वेस्ट व्हर्जिनियातल्या या खाणगावात
ते काम ओलीटा स्टिल्टनर करते.
चौतीस वर्षं नर्स होती, आता निवृत्त,
गुडघे गेलेले, हात अजून स्थिर.

मंगळवारी संध्याकाळी चर्चच्या तळघरात
घडीच्या अकरा खुर्च्या, कशाही मांडलेल्या.
कॉफीच्या भांड्याशेजारी लाल डबा,
वापरलेल्या सुया टाकायचा.

"टोपी काढ. केस मागे घे."
स्पिरिटचा गार बोळा.
मग बोटानं चाचपत पहिली सुई वरच्या खळगीत,
दुसरी काठाच्या दुमडीखाली,
मग मूत्रपिंडाची, यकृताची,
शेवटची फुप्फुसाची.
फुप्फुस म्हटलं की इथे सगळेच जरा गप्प होतात.

भिंतीवर कानाचा तक्ता आहे,
त्यात उलटं झोपलेलं मूल काढलेलं,
पाळीकडे डोकं, वर पाय.
वायनोना त्याच्याकडे पाठ करून बसते.
एकदाच म्हणाली,
"सातव्या महिन्यात माझंही असंच होतं, डोकं खाली."
ते मूल आता सरकारकडे आहे.

"छातीतला कोळसा निघतो का यानं?"
मॅब्री दर वेळी विचारतो, खोकता खोकता.
"नाही."
"कोर्टात उपयोग?"
"नाही."
"दाढ?"
"दाढेला डॉक्टर बघ. आणि क्लिनिकची गोळी
माझ्या सुयांच्या भरवशावर सोडलीस
तर मीच तुझे कान उपटीन."
"मग होतं काय?"
"कुणाला झोप लागते. कुणाचे हात थांबतात.
कुणाला काहीच नाही. तरी तो खुर्चीत असतो
पाऊण तास, आणि तेवढा वेळ
दुसरीकडे कुठे नसतो."

तिनं वाचलंय,
भलत्याच जागी टोचूनही काही लोक शांत झाले होते.
हे ती लपवत नाही, कानांवर हात ठेवत नाही.
"असेलही," म्हणते, आणि पुढच्या कानाकडे वळते.

मग दिवे मंद होतात. कुणी बोलायचं नाही.
पाइपातलं पाणी, मॅब्रीची शिट्टीसारखी धाप.
अकरा माणसं, एकशे दहा सुया,
दोन्ही कानांत पाच पाच रुपेरी केस उगवल्यासारखे.

काढताना मोजायच्या, हा तिचा एकच कडक नियम.
गेल्या मंगळवारी डब्यात शंभर भरल्या.
दाराजवळची खुर्ची रिकामी होती.
कोय रॅटलिफ मधेच उठून गेला होता,
दहाच्या दहा घेऊन.

रात्री दोनला फोन.
"ओलीटा, अजून कानातच आहेत."
"हलू नकोस. आलेच."

स्वयंपाकघरात एक उघडा बल्ब.
टेबलावर जे होतं ते होतं,
तिनं कानाडोळा केला नाही,
त्याच्या बाजूला आपल्या पर्समधला
नाकात मारायचा फवारा ठेवला
आणि चष्मा पुसला.
एक. दोन. तो कुत्र्यासारखा स्थिर.
"का गेलास?"
"शांत वाटायला लागलं होतं," तो म्हणाला.
"मग भीती वाटली."
ती काही बोलली नाही. सात. आठ.
दहावी निघाली तशी रक्ताचा थेंब आला,
मोहरीएवढा.

कापूस लावून तिनं त्याचंच बोट त्यावर ठेवलं.
"दाबून धर. मी सांगेपर्यंत सोडायचं नाही."

मग तिनं त्याच्याकडची शिळी कॉफी तापवली,
खुर्ची ओढली, पाय वर घेतले.
सांगायचं विसरली, की मुद्दामच,
ते तिलाही नक्की ठाऊक नाही.

डोंगरामागून कोळशाची पहिली गाडी गेली तेव्हा
टेबलावरचं होतं तसंच होतं,
आणि कोय
कान धरून बसलेला.