मान

शनिवारच्या अंघोळीला
मी निहारची मान घासायचे.
आधी साबण, मग लिंबाची फोड,
मग काथ्याचा बोळा.
मानेमागे काळी वळी, कानापासून कानापर्यंत,
मखमलीसारखी जाड.
"किती मळ धरतोस रे," म्हणायचे,
"शाळेत काय म्हणतील,
कोळणीच्या घरात पाणी येत नाही?"
तो नळाला धरून उभा.
एकदा रक्ताचे ठिपके आले, ते फेसात गेले.
वर खोबरेल लावलं. वाटलं, झालं.

नोव्हेंबरात शाळेत तपासणीची गाडी आली.
निहार काट्यावर चढला तेव्हा
मागून कुणी ओरडलं, "ट्रॉलर लागला!"
सगळी हसली. तोही हसला.
हे मला नंतर कळलं, त्याच्याकडून नाही.
सहावीतलं पोर, अठ्ठावन्न किलो.
आईने यावं, असा निरोप.
लिलाव अर्धा टाकून मी गेले,
पदराला खवलं तशीच.

डॉक्टरीण माझ्या भाचीएवढी.
तिनं त्याची कॉलर मागे केली
आणि तिच्याआधी मीच बोलले,
"घासते हो मी. दर शनिवारी घासते."
ती जरा थांबली.
"तो मळ नाही, ताई. ते आतून येतं."

मग साखर. मग यकृत.
मग रात्री घोरतो का, चढावर थांबतो का,
गुडघे दुखतात म्हणतो का.
मी मान हलवत गेले.
घोरतो. त्याचा बाप म्हणायचा,
बोटीचं इंजिन घरी आणलंय. हसायचो आम्ही.
रक्त तपासायला दापोलीला न्या, म्हणाली.
रागावली नाही.
रागावली असती तर बरं होतं,
भांडता आलं असतं.

कल्ला उचलून मी सांगते
सुरमई आजची की परवाची.
बोटाने दाबते, खड्डा राहिला तर शिळी.
हर्णै बंदरात मला कुणी फसवून दाखवावं.
आणि पोराच्या मानेवर लिहिलेलं
मी दोन वर्षं पुसत बसले.

पहाटे चारला मी बंदरावर.
टीव्हीवर वीस रुपये ठेवायचे, काहीतरी खा म्हणून.
काहीतरी म्हणजे पिवळी पुडी, लाल पुडी,
बाटलीतलं काळं गोड पाणी.
घरात ताजं म्हावरं. तो म्हणायचा, वास येतो.
आणि त्याचा काका पाण्यात गेला त्या वर्षी
मीच म्हटलं, किनाऱ्यावर पाय ठेवायचा नाही.
मीच हप्त्यावर मोबाईल घेतला.
पोर घरात बसलेलं दिसलं
की माझा जीव भांड्यात पडायचा.
भांडं कुठलं, ते बघितलं नाही.

काल ओहोटीला त्याला घेऊन गेले
वाळूतले मुळे काढायला.
सुवर्णदुर्ग नेहमीसारखा पाठ करून उभा.
वीस पावलं झाली की निहार थांबायचा.
मीही थांबायचे, पदर खोचायचं निमित्त काढून.
एकदा म्हणाला, "ट्रॉलर रुतला."
आणि मी हसते का ते बघत राहिला.
मी हसले नाही. काय म्हणावं तेही सुचलं नाही.
कोयतीने वाळू उकरून दाखवली.

मग तो वाकला.
धापा टाकत, एक हात गुडघ्यावर.
एक मुळा निघाला. त्याने तो पाण्यात बुडवून धुतला,
माझ्या टोपलीत ठेवला, पुन्हा वाकला.
शर्ट सरकला. मान दिसली,
तशीच काळी, घामाने चमकणारी.
मी तिच्यावर हात ठेवला.

त्याने खांदे कानापर्यंत ओढून घेतले,
डोळे घट्ट मिटले,
नळाला धरून उभा राहायचा तसा.

"काही नाही रे," म्हटलं,
"हात आहे नुसता."