घट धरून

डॉक्टर मगदूम पायरीवर चपला काढत म्हणाल्या,
वजन किती असेल याचं? अंदाजे सांगा.
आणि अप्पा दुखावले.
चाळीस वर्षं सांगलीच्या मार्केट यार्डात तोलार होता माणूस,
हळदीच्या पोत्याला नुसता खांदा लावून सांगायचा
किती किलो, आणि त्यात ओल किती.
अंदाजे म्हणे.

खाटेखालचा जुना काटा ओढून आणला.
वकील आता चार पायांवर उभा राहत नव्हता,
म्हणून अप्पाच त्याला उचलून वर चढले.
दोघांचे मिळून एकाहत्तर भरले.
मग त्याला माझ्याकडं दिलं, एकटे चढले. साठ.
अकरा, म्हणाले. अकराच.
आणि पुन्हा पहिल्यापासून करून बघितलं.

वकील हे नाव शीतलदादानं ठेवलेलं.
पोत्यांच्या थप्पीमागं सापडला तेव्हा दीड किलो होता,
आणि पिवळा, नाकापासून शेपटीपर्यंत पिवळा.
तीनदा धुतल्यावर कळलं, कुत्रं पांढरं आहे.
दूधवाला, गॅसवाला, कपाटाचा आरसा,
प्रत्येकाशी त्याची केस चालू.
दर दिवाळीला अप्पा त्याला यार्डात न्यायचे,
मोठ्या काट्यावर बसवून वजन लिहायचे
सौद्याच्या वहीत, शेवटच्या पानावर:
नऊ. सतरा. चोवीस. चोवीस. साडेचोवीस.
पुराच्या वर्षी जागा कोरी.
त्या वर्षी आयर्विन पुलाला किती फूट
एवढंच सगळे एकमेकांना विचारत होते
आणि हा गच्चीवरून पाण्याशी भांडत होता.

आमच्यात दिवस मावळायच्या आत जेवण.
तोही जेवायचा आईबरोबर, साडेपाचला, वरणभात,
आणि अंधार पडला की
कोपऱ्यावरच्या बेकरीत जाऊन खारी खाऊन यायचा.
आईला माहीत होतं. मिशांना चुरा असायचा.
ती काही न बोलता पदरानं तोंड पुसायची त्याचं.

आता चार दिवस त्यानं काही घेतलं नव्हतं.
दादा फोनवर म्हणाला, एक इंजेक्शन असतं,
झोपेतच जातो, कळतसुद्धा नाही.
आई म्हणाली, त्यानं आपलं आपण सोडलंय,
आपण मध्ये हात घालायचा नाही.
दादा म्हणाला, आई, कुत्रा आहे तो.
आई म्हणाली, मग?
मला दोघांचंही पटत होतं. मी भांडी घासत राहिले.

डॉक्टरांनी अकरा किलोचा हिशेब करून
दुखणं कमी होण्यापुरतं दिलं.
सुटे नव्हते, म्हणाल्या, वीस रुपये उद्या द्या.

रात्रभर आई त्याच्या कानाशी णमोकार म्हणत बसली.
जन्मभर ज्यानं प्रत्येक आवाजाला उलट उत्तर दिलं
त्यानं सगळं ऐकून घेतलं.

सकाळी दूधवाल्याची गाडी थांबली,
किटलीचं झाकण वाजलं,
कुणी हरकत घेतली नाही.
तोच घोटाळला मग दारात, माप हातात धरून.
काय ओ, वकीलसाहेब कुठं हाईत आज?

समडोळीला मामाच्या मळ्यात नेला, टेम्पोतून,
कोऱ्या गोणपाटात. जुनं अप्पांना चालेना.
हळद नुकतीच काढलेली, रान भुसभुशीत,
खणायला फार वेळ लागला नाही.
अप्पा म्हणाले, ओली असते तेव्हा जड लागते,
शिजवून वाळवली की पाचाला एक उरते.
घट धरूनच सौदा करायचा असतो.
कुणाला सांगत होते, कळलं नाही.

यार्डात मोजताना पहिल्याला कुणी एक म्हणत नाही.
लाभ म्हणायचं. मग दोन, मग तीन.
अप्पांनी ओंजळभर माती सोडली
आणि सवयीनं तोंडातून गेलं, लाभ.
मामानं खोरं उचललं होतं, तसंच धरून ठेवलं.
आम्ही सगळे
दोनची वाट बघत उभे राहिलो.

डॉक्टरांचे वीस रुपये द्यायचे राहिलेत अजून.
रोज त्याच रस्त्यानं जाते मी.