गा

माझा मोबाईल धानाच्या ढोलीला टेकवून ठेवला
आणि वीस-बावीस माणसं अंगणात, वीतभर पडद्यापुढे.
चेन्नईत सिनेमांना बक्षिसं चालली होती,
तमिळ, मल्याळी, तेलुगू, मधूनच एखादं आपलंही.
रेंज गेली की माणसं हात वर करून थिजायची.

भागरता सोनुले सगळ्यांच्या मागे,
सुपात वाळली मोहफुलं निवडत.

दोन उन्हाळ्यांमागं शूटिंगवाले आले होते.
हिरो उन्हातून येतो, म्हातारी दारात उभी.
काहीही बोल माय, नुसते ओठ हलव,
आवाज आम्ही मागून घालू.
ती म्हणाली, पानी तं पेऊन जा गा.
हिरोला कळलं नाही, पण तो प्याला,
खरोखर प्याला, लोटा उपडा केला.
तीनशे रुपये आणि बिस्किटचा पुडा.

आता नाव पुकारलं ते तिचं नव्हतं.
उठली हिरव्या रेशमातली तामरैसेल्वी,
दुसऱ्यांच्या ओठांना आवाज देणारी.
तिच्यामागे भिंतभर आमची भागरता, देवळाएवढी,
तोंड उघडलं, आणि आतून निघालं: तण्णी.

अंगण हसलं. तो शब्द पाठ होता गावाला.
तीन दिवस शाळेमागं बोअरची गाडी घरघरत होती,
चारशे फूट, नुसता पांढरा धुरळा,
आणि तिचा मुरुगेसन मान हलवत: तण्णी इल्लै.

त्यालाच विचारलं, काय बोलते गा ते?
त्यानं मोबाईल कानाला लावला,
मग मोडक्या हिंदीत सांगू लागला.
बोलती, ग्यारह बार किया.
पानी हो गया, पीना हो गया, जाना हो गया.
वो आखिरी का 'गा' नहीं हुआ.
हमारे में नहीं है. तो 'रासा' डाला. राजा.

"राजा!" भागरतानं पदर तोंडावर घेतला,
"आमच्या बुढ्याले नाही म्हनलं मी जलमात."
मग बराच वेळ
निवडलेलीच फुलं पुन्हा निवडत राहिली.
"आवाज बरा हाय तिचा.
पन अकरा डाव म्हनाव लागलं बिचारीले."

बॅटरी चार टक्के.
पुढचं बक्षीस कोणाला, ते कळलंच नाही.

मुरुगेसन उठला. पहाटे गाडी दुसऱ्या गावी.
ती आत गेली, लोटा घेऊन आली,
नाल्यावरचं, कोसभरावरून आणलेलं,
त्याच्यापुढे धरलं, काहीच बोलली नाही.
तो प्याला.
उपडा नाही केला.
तळाशी दोन घोट ठेवून लोटा परत दिला,
चारशे फूट खाली जाऊन आलेला माणूस तो.