पेन कानावर

रात्रीचे पावणेतीन. चांदिवली, सहावा मजला.
एसी आता फक्त यंत्रांसाठी चालू आहे.
मेल्विन म्हणतो, पुन्हा मोडला व्यवहार.
कारण?
तो स्क्रीन माझ्याकडे वळवतो: शून्य.
चिप कारण देत नाही. नुसता हात झटकते,
आणि केलेलं सगळं
न केलेलं होतं.

ही झटक माझ्या ओळखीची.
ससून डॉकवर द्वारकीआते अशीच झटकते,
सौदा बिनसला की.
चार-पाच पाट्या असतील तर ती तोंडीच उरकते:
दोन बोटं, एक भुवई, "दिला".
पापलेट हललं, पैसे हलले,
मधलं अर्धवट कुणालाच दिसलं नाही.
सहावी पाटी आली की डोक्यात मावत नाही.
मग हरेश्वरकाका. ओल्या बोटाने वहीचं पान उलटणार,
आधी काय होतं, कुणाचं होतं,
चुकलं तर परत कुठे ठेवायचं,
सगळं लिहिणार.
तोवर बर्फाचं पाणी.

आमची कॅश भरली की व्यवहार मोडतो,
असं एकदा तिला फोनवर सांगितलं.
तिची कॅश भरली की ती हसते.
म्हणाली, मंग पिशवी मोठी शिव.

ती आपल्याला शिवता येत नाही, आते,
ती कारखान्यातूनच शिवून येते.
म्हणून दोन्ही ठेवलंय:
तीनदा चिपच्या हाती, नाहीच जमलं तर वहीवर.
चिप चोख आहे. वहीही चोख आहे.
पण एकीकडे बोटं चालू, एकीकडे वही चालू,
आणि मध्ये एका सुरमईला
दोन मालक.

डॉकवरही झालं होतं हे. भांडण, कोयता, पोलीस.
तेव्हापासून आतेची नजर
हरेश्वरकाकांच्या कानावर.
पेन कानावर, तर बोटं उघडायची.
पेन खाली आलं,
तर सौदा कुठेही असो, हात झटकायचा.
ती त्यांना विचारत नाही. त्यांना तर माहीतही नाही.
सुनेला शिकवताना म्हणाली होती,
"बघ गो पयलं, दादूस लिवतंय का."

पयलं.

मेल्विन, पेन कुठे बघतोस तू?
शेवटी, तो म्हणतो. सगळं झाल्यावर. वेळ वाचतो.
मी त्याच्याकडे बघते.
तो स्क्रीनकडे.
मग काही न बोलता ती एक ओळ उचलून
वर नेऊन ठेवतो, पहिल्या बोटाच्याही आधी.

थोडं हळू चालतं आता.
सुरमईला एकच मालक.
व्यवहार अजूनही मोडतात, कारण अजूनही शून्य,
पण मोडलेले मोडलेलेच राहतात.

सव्वाचार. मेल्विन खुर्चीतच झोपलाय.
तिकडे लिलाव सुरू झाला असेल.
आतेला फोन लावावा वाटतो,
अंगठा नावापर्यंत जातो.
नको.
हरेश्वरकाकांचं पेन आत्ता कुठे आहे
मला इथून दिसत नाही.