एकोणसाठ मीटर

माहीमला, चर्चच्या थोडं अलीकडे
पहाटे साडेचारला एक टॅक्सी बंद पडलेली.
बॉनेट उघडं, ड्रायव्हर मागच्या सीटवर गाढ.
रस्त्यावर चुन्याची फुली होती म्हणे,
असेल, तिच्या चाकांखाली.
मी एकोणीस वर्षांचा, एनएसएसचा,
गळ्यात शिट्टी, काखेत नारिंगी शंकू.
ठेवला टॅक्सीच्या बराच अलीकडे,
जिथे खांबाचा उजेड पडत होता.
पुढे टॅक्सी गेली. शंकू राहिला.
मी पोह्यांच्या रांगेत.

त्याच शंकूला वळसा घालून ती गेली
तेव्हा टाळ्या वाजवल्या मी.
क्षेमा गांगुर्डे, वरळीच्या बीडीडी चाळीतली.
नंबराचा कागद घामाने पोटाला चिकटलेला,
डाव्या बुटाच्या टोकाशी तपकिरी डाग,
आणि चेहरा असा
की कुणी हिशेब मागितलाय
आणि ती मनातल्या मनात बेरीज करतेय.

दोन तास छत्तीस मिनिटं चाळीस सेकंद.
पेपरात फोटो आला. नाव छापलं सीमा.

अकराव्या दिवशी मोजणीचं चाक घेऊन माणसं आली.
कट् कट् करत चाक शंकूच्या जागेपाशी थांबलं,
मग फुलीपर्यंत गेलं.
एकोणसाठ मीटर जाताना, एकोणसाठ येताना.
तेवढं पळायला तिला सव्वीस सेकंद लागले असते.
ते मिळवूनही विक्रम तिचाच होता,
एकतीस सेकंदांनी.
पण नियम मिळवत नाही.
खोडतो.

चौकशीत टॅक्सीचं नाव कुणी घेतलं नाही.
माझंही.

मग मी तिची कात्रणं ठेवू लागलो, चोरासारखी,
इंजिनिअरिंग ड्रॉइंगच्या वहीत.
त्यातूनच मागचं कळलं:
जांबोरी मैदानाच्या फेऱ्या, चौदाव्या वर्षी,
भावाचे कॅनव्हासचे बूट, पुढे कापूस कोंबून.
तालुक्या-तालुक्याच्या शर्यती,
पहिल्या पुरुषाला सायकल, पहिल्या बाईला कुकर.
सात कुकर जमले. एक मावशीला,
एक परेरा सरांच्या घरी, बाकीचे माळ्यावर.
मग पोर्ट ट्रस्टची नोकरी, खेळाडूंच्या कोट्यातून:
पहाटे तीस किलोमीटर, दहाला मस्टरवर सही,
दुपारी जावक बारनिशीवर डोकं टेकून डुलकी.
साहेब म्हणायचे, झोपू द्या, ती ऑफिसची ट्रॉफी आहे.

पुढे तीनदा जिंकली.
त्या वेळेच्या जवळ मात्र एकदाही नाही.
पोटरी फाटली. मुलगी झाली.
आता कशाला, असं सगळे म्हणत असताना
चौतिसाव्या वर्षी परत आली,
पेडर रोडच्या चढावर दोघींना मागे टाकून चौथी.
चौथीचा फोटो छापत नाहीत.
कात्रणं संपली.

मला नोकरी लागली तीही मीटरचीच.
बेस्ट. घरोघरचे आकडे टिपतो.

गेल्या मंगळवारी वडाळ्याच्या क्वार्टर्समध्ये
जिन्याखाली वाकलो होतो,
मागून आवाज आला,
"अहो, आमचा मीटर फार पळतो."
केस पांढरे. पायात रबरी सपाता.
अंगठ्याचं नख अजून काळं.

मी सगळं ओकलो.
टॅक्सी, खांबाचा उजेड, पोहे, टाळ्या.
ती कठड्याला धरून ऐकत राहिली.
वरच्या मजल्यावर कुणाच्या कुकरची शिट्टी झाली,
दुसरी झाली.

"वळण लवकर आलं होतं," ती म्हणाली.
"मला कळलं होतं ते.
वाटलं, आज मीच जोरात आहे."

मग काही वेळ कुणीच काही नाही.

"आकडा किती झालाय, बघा."

मी पुन्हा वाकलो.
चष्मा पुसला, टॉर्च जवळ धरला,
आणि दोनदा वाचला.