गिरणीच्या मागची पेटी

पेटी माझ्याकडे आहे, कारण थ्री-फेज माझ्याकडे आहे.
बाकी काही मान नाही त्यात.
गिरणीच्या मागं, पोत्यांच्या खोलीत,
काचेच्या झाकणावर जुनी सतरंजी टाकून ठेवलीय.

चार गावांत मिळून एक :
निंबहळ्ळी, करंजोळ, दोडवाडी आणि वरचा तांडा.
एकट्या गावाला झेपत नव्हती,
आणि खरं सांगायचं तर
एकट्या गावाला एवढी लागतही नव्हती.
सोलापूरहून भाड्यानं आणायची तर
रात्रीचे साडेतीन हजार, टेम्पो वेगळा,
आणि एप्रिलात आमच्याकडं
गेलेला माणूस दुपारपर्यंत थांबत नाही.
पोरं सगळी चाकणला, हैदराबादला.
तोंड तरी बघायला मिळावं, एवढंच.

बैठका तीन झाल्या, बसवण्णाच्या देवळापुढं.
पहिली मोडली घरटी किती यावर.
दुसरीत दोडवाडीचे चंद्रामअण्णा हत्तुरे उठले :
आमच्यात माणूस बसवून नेतात.
पेटीत झोपवला की आखडणार.
मग बसवायचा कसा, तुम्हीच सांगा.
कुणालाच सांगता येईना.
तरी जाताना म्हणाले, वर्गणी देतो.
वापरणार नाही, पण देतो.
तिसरीला चहा तांड्यानं केला
आणि पैसेही आधी त्यांनीच मोजले,
रुमालाची गाठ दातानं सोडून.

वही मी ठेवते.
नाव, गाव, नेली कधी, आणली कधी, युनिट किती.
दळणाच्या वहीसारखीच आहे,
चुकून एकदा तिच्यात कुणाची ज्वारी लिहिली गेली, पाच पायली.
खोडली नाही. खाडाखोड नको म्हणून.

पांडू बिराजदारानं एकदा विचारलं,
अक्का, लग्नात मठ्ठा गार करायला देता का,
धुऊन परत आणतो.
मी दोन किलोचं वजन उचललं,
तो चपला सोडून पळाला.

मग ती रात्र. अर्ध्या तासात दोन फोन.
आधी दोडवाडी : चंद्रामअण्णा.
मग तांडा : सोमलीबाई.
दारात टेम्पो सुरू, मौला विचारतोय, कुठं घेऊ?
वहीत सगळे रकाने होते,
हा नव्हता.

पहिला फोन तो पहिला, म्हणून दोडवाडीला निघालो.
अण्णांना बसवलं होतं तोवर,
भिंतीला टेकून, कपाळभर विभूती,
बैठकीला बसायचे तसे.
गौराबाई बाहेर आल्या. आत पेटी घेऊ देईनात.
म्हणाल्या, आमची पोरं गाडीनं येतील, पहाटेला हजर.
तिची लेक वीटभट्टीवर, विजयपूरच्या पलीकडं,
तिला तीन एसट्या बदलायच्यात.
आणि यांना कुठं झोपायचं होतं तुमच्या पेटीत,
भर बैठकीत सांगितलं होतं की.

हसल्या का? अंधार होता.
मला वाटलं, हसल्या.

मौलानं टेम्पो वळवला.
करंजोळची पोरं रसवंतीतल्या बर्फाच्या लाद्या
भुशासकट घेऊन आली, न बोलावता.
दुसऱ्या दिवशी चौकात उसाचा रस कोमटच मिळाला,
कुणी तक्रार केली नाही. श्रीशैलनं पैसे मात्र पूर्ण घेतले.

सोमलीबाईची लेक दुपारी अडीचला पोचली.
पायाला विटांची धूळ तशीच.
झाकणावर गाल ठेवून किती वेळ,
ते काही वहीत लिहीत नाहीत.

त्या तारखेला दोन ओळी आहेत.
एकीपुढं युनिट अकरा.
दुसरीत : चंद्राम शरणप्पा हत्तुरे, दोडवाडी,
नेली होती, उतरवली नाही.
हिशेब तपासायला आलेला तांड्याचा गोविंद
त्या ओळीवर बोट ठेवून थांबला,
मग पान उलटलं.

मेकॅनिकनं बजावलंय,
महिन्यातून एकदा रिकामी चालवायची,
नाहीतर गॅस बसतो.
मी अमावस्येला चालवते, गिरणी बंद असते तेव्हा.
तासभर घरघर करते.
काच हळूहळू धुरकट होते,
माझा पिठाचा हात चुकून टेकला तर
पंजा उमटतो, पाची बोटं.
पदरानं पुसते
आणि बटण बंद करते.
एक युनिटही पडत नाही.
तरी लिहिते.