सात वाव, वाळू

इन्व्हरगॉर्डनच्या खाडीत लॅक्लन मन्रो दोर सोडतो.
शिशाच्या वजनाला तळाशी चरबी माखलेली.
वर आल्यावर तिला काय चिकटलंय ते बघून सांगतो,
"सात वाव. वाळू."
नौदलाचा पोरगा लिहून घेतो.
"नऊ वाव. चिखल. शिंपल्याचा चुरा."

गेल्या उन्हाळ्यापर्यंत ही खोली
फक्त हेरिंगना ठाऊक होती,
आणि लॅक्लनच्या बापाला.

मग लंडनला कुणीतरी टेबलावरचा नकाशा फिरवला.
शंभर वर्षं दक्षिणेला तोंड करून बसलेलं आरमार
उठून पूर्वेकडे वळलं.
पोर्ट्समथच्या किल्ल्यांवरच्या तोफा मात्र
अजून फ्रान्सच्याच वाटेला डोळे लावून;
वैरी आता व्याही झालाय
हे त्यांना कुणी कळवलंच नाही.

व्याही तरी कसला?
याद्या नाहीत, साखरपुडा नाही.
विचारलं तर कर्ती माणसं म्हणतात,
आम्ही शब्द दिलेला नाही.
पण फ्रेंच जहाजं गेली भूमध्य समुद्रात
उत्तरेच्या दाराला कडीसुद्धा न लावता,
आणि माल्टाहून इंग्रज जहाजं
घराकडे निघाली.
शेजाऱ्याच्या भरवशावर उघडं टाकलेलं दार
कुठल्या कागदात लिहायचं?

गावात अंडी महागलीत.
किनाऱ्यावर तेलाच्या टाक्या उभ्या राहतायत,
लॅक्लनचा धाकटा तिथे रिव्हेट तापवतो,
शनिवारी आईच्या हातात नाणी ठेवतो.
युद्ध म्हणजे काय, तर सध्या एवढंच.

खाडीच्या तोंडाशी दोन कडे आहेत,
दोन मोची म्हणतात त्यांना.
ह्यूगिना आत्या सांगायची,
दोघांत आरी एकच, हातोडा एकच,
या कड्यावरून त्या कड्यावर फेकायचे,
खालून जाणाऱ्या डोलकाठ्यांच्या वरून.
"आणि दुसऱ्याने झेललं नाही तर?"
"झेलायचा. गोष्टच तशी आहे,"
म्हणत ती मासे चिरत राहायची.

आता होडी त्या दोघांच्या मधोमध.
लॅक्लन दोर सोडतो.
वीस. बावीस. पंचवीस.
दोर संपतो.
चरबी वर येते ती कोरी.
"लिही," तो म्हणतो, "तळ लागला नाही."

पोरगा पेन्सिलीचं टोक जिभेवर ओलं करतो.
पंचवीसचा आकडा, त्यावर रेघ,
रेघेवर एक ठिपका.
अशा जागेसाठी
नकाशात खूण असते.